पाच कोंबडे आणि मूठभर मका

खुराड्याच्या दारावर धाकटीने आदल्या संध्याकाळी खडूने लिहून ठेवलं होतं : 'आठनंतर दाणा बंद. पाणी चालू.' खाली दोन रेघा ओढल्या होत्या, कारण या घरात एका रेघेला कुणी भीक घालत नसे.

सकाळी सात वाजता अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. धाकटी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथून आणलेला जुना तापमापक तिने पातेल्याच्या कडेला सुतळीने बांधला. साठच्या खाली पिसं सुटत नाहीत आणि सत्तरच्या वर कातडी शिजते, म्हणून तिला मधलाच आकडा हवा होता.

"आम्ही आयुष्यभर बोट बुडवून बघितलं," आत्या म्हणाली. "आई गं म्हणून ओरडलो की पाणी झालं तयार. बोट काही शिजलं नाही आमचं."

आत्या ही बाबांची थोरली बहीण. शेजारच्याच खोलीत राहायची आणि कोंबडे कापायचे असले की पिसं काढायला हजर व्हायची. हात जलद, तोंड त्याहून जलद. कोंबड्यांना नावं ठेवायची नाहीत असा बाबांचा दंडक होता, म्हणून तिने पाचही जणांना मुद्दाम नावं ठेवली होती. त्यातला पांढरा, जो आयतं खायचा आणि जागचा हलायचा नाही, तो जावई.

बाबांचे दंडक बरेच होते. कोंबड्यामागे धावायचं नाही. ओरडायचं नाही. एकाला कापताना बाकीच्यांना दिसू नये म्हणून मध्ये गोणपाटाचा पडदा लावायचा. कोंबडा आधी काखेत धरून उभं राहायचं, त्याचा श्वास संथ होईपर्यंत, मग तो दोन मिनिटं घेवो की दहा. बाबांचा धंदा पत्र्याचा. डबे, पन्हळी, चाळण्या असं काय काय ते बनवत आले होते. खांबाला टांगलेलं रुंद नरसाळंही त्यांनीच बनवलं होतं. कोंबडा त्यात उलटा सोडायचा, खालच्या भोकातून डोकं बाहेर येतं, पंख आवळून राहतात आणि जनावर शांत होतं. पंखाला खरचटू नये म्हणून नरसाळ्याची प्रत्येक कडा त्यांनी बाहेरच्या बाजूला दुमडून घेतली होती. हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "वर्षभर आपल्या हातचं खाल्लं त्यांनी. शेवटी त्या हाताची भीती वाटू नये."

पण मागच्या खेपेला घोळ झाला होता. तांबड्या कोंबड्याला सुरी भलतीकडेच लागली. दुसऱ्यांदा लावावी लागली, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये तो जो ओरडला, ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. त्या दिवशी बाबा पानावरून उठून गेले. नंतर कुणी विषय काढला नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं की बाबांचा हात थरथरतो. चहाचा कप ओठांपाशी नेताना बशी वाजते, हे सगळे ऐकायचे आणि ऐकलंच नाही असं दाखवायचे. आज पाच कोंबडे होते आणि सुरी बाबांच्याच हातात असणार होती. सुरी आज माझ्याकडे द्या, एवढंच धाकटीला कालपासून म्हणायचं होतं. चार शब्द. पण ते म्हणायचे कसे?

तिने जावयाला उचलून काखेत घेतलं आणि सवयीने त्याच्या गळ्याखाली बोटं फिरवली. तिथे कोंबड्याची दाण्याची पिशवी असते. रात्रभर उपाशी ठेवलं की ती सुरकुतलेल्या फुग्यासारखी लागते. जावयाची पिशवी लिंबाएवढी टणक होती.

"बाबा, याला जरा धरा."

बाबांनी जावयाला काखेत घेतलं, दुसरा तळवा त्याच्या छातीवर ठेवला. धाकटीने एकेक करून उरलेले चार तपासले. पाचही तुडुंब जेवलेले.

"दाणा कुणी टाकला?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मी पहाटे थोडा भात टाकला. थोडासाच. जायच्या दिवशी उपाशी कसं ठेवायचं गं? माझा जीव होईना."

"मीसुद्धा रात्री शिळा पाव टाकला," आत्या म्हणाली. "अशी बघू नकोस. जावई दारात येऊन बसला होता."

"वन्सं, तुम्हीपण?" आईच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली.

"अगं, दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय!" धाकटी वैतागली. "भरल्या पिशवीने उलटं टांगलं तर दाणे घशात येतात, जीव गुदमरतो त्यांचा. तुमच्या मायेपायी त्यांचेच हाल होतील!"

दोघी शाळेत पकडल्या गेलेल्या मुलींसारख्या उभ्या राहिल्या. बाबा मात्र धार लावायच्या दगडाकडे बघत होते. "आज राहू दे मग," ते म्हणाले. "उद्या बघू."

ते जरा लवकरच म्हणाले, असं धाकटीला वाटलं. तिने पुन्हा जावयाच्या गळ्याखाली बोट दाबलं. भात असता तर मऊ लागला असता. भिजलेला पाव तर कणकेसारखाच. बोटाखाली सरकत होते ते दाणे होते, सुटे, कडक, एका बाजूला चपटे. मका. मक्याचं पिंप बाबांच्या कारखान्यात, म्हणजे मागच्या पत्र्याच्या खोलीत होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या खिशात.

तिने पातेल्याखालची लाकडं ओढून घेतली.

दुपारी ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. बाबा पत्र्यावर आखणी करत होते. पट्टी लावूनही टोच्याची, म्हणजे आखायच्या टोकदार सळईची, रेघ मध्येच भरकटत होती. पत्र्यावर अशा सात-आठ रेघा शेजारी शेजारी होत्या, आणि शेवटची पहिलीपेक्षा बरी नव्हती.

"मका होता, बाबा."

त्यांनी टोच्या खाली ठेवला. "कळलं तुला."

"बोटाला लागतो."

"हं. हुशार पोरीसमोर चोरीसुद्धा धड करता येत नाही." ते हसले आणि लगेच हसू ओसरलं. "तुझ्या आईने आणि आत्याने आपल्या माथी घेतलं आणि मी गप्प घेऊ दिलं, याचंच वाईट वाटतंय. नियम मूळचा माझा आणि मोडला मीच."

"एक दिवस मिळावा म्हणून?"

"एक दिवसात हात सुधारेल असं वाटलं असेल मला. म्हातारा झालो की मूर्ख झालो, कोण जाणे." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. "तो तांबडा दोन सुऱ्यांच्या मध्ये माझ्याकडे बघत होता गं. एवढी वर्षं केलं, कधी कुणी असं बघितलं नव्हतं."

धाकटी पिंपावर टेकली. मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं आता खोटी वाटत होती, म्हणून जे पाहिलं होतं तेच तिने सांगितलं. "सकाळी तुम्ही जावयाला धरून उभे होतात. मी इतरांना तपासत होते, तेवढा वेळ. तुमचा हात एकदाही हलला नाही."

"तो टेकलेला होता."

"तेच म्हणतेय. टेकलेला असला की हलत नाही. उचलून काही करायला गेलात की हलतो."

बाबांनी आपला तळवा मांडीवर ठेवून पाहिला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. एखादं अवजार तपासावं तसा.

"म्हणजे मी धरायचं," ते म्हणाले. "आणि सुरी?"

ते चार शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन अडकले.

"आत्याला देऊ या का?" बाबांनी साळसूदपणे विचारलं.

"तिच्या हातात सुरी दिली तर आधी आपल्यालाच पळावं लागेल!"

दोघंही हसले. हसता हसता बाबांनी तिचा उजवा हात धरला आणि तिचा अंगठा आपल्या जबड्याखाली, कानाच्या जरा पुढे टेकवला. तिथे काहीतरी ठक ठक उडत होतं.

"इथे," ते म्हणाले. "त्यांनाही इथेच असतं, फक्त लहान. आधी अंगठ्याने शोधायचं, मग सुरी. आणि हलक्या हाताने कापायचं नाही, बरं का. नवशिक्यांना वाटतं हलका हात म्हणजे माया. हलक्या हाताने फक्त कातडी कापते. एकदाच, दाबून, ओढून."

संध्याकाळपर्यंत तिने सरावासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून कापले. पहिल्या दहांत बाबा नुसते नकारार्थी मान हलवत राहिले. सव्वीस तुकडे झाल्यावर म्हणाले, "आता जेवायला चल."

जेवताना त्यांनी घसा खाकरला. "मका मी टाकला होता."

आई घास हातात घेऊन थांबली. आत्याने ताटावर हात आपटला. "तरीच! माझ्या चार तुकड्यांनी एवढी पोटं फुगतील होय? दिवसभर मी आरोपी म्हणून खाली मान घालून हिंडतेय, आणि हा चोर मला पाणी वाढतोय!"

आईने बाबांच्या ताटात भाताचा एक डाव जास्त घातला. पिंपाची किल्ली मात्र त्या रात्री तिने स्वतःच्या उशाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचही पिशव्या रिकाम्या होत्या.

बाबा पहिल्या कोंबड्याला काखेत घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग त्याला नरसाळ्यात सोडलं, एक कोपर खांबाला टेकवलं आणि खालून आलेलं डोकं बोटांत धरलं. बोटं हलली नाहीत. धाकटीच्या अंगठ्याला ती उडणारी जागा सापडली. दाबून, ओढून. रक्ताची धार बादलीत सरळ उतरली. ती मनात मोजत होती. बाराला डोळा अर्धा मिटला. मग पत्र्यात पंख जोरात फडफडले. ती फडफड नुसत्या स्नायूंची असते, कोंबडा तेव्हा आत नसतो, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं, तरी ती अर्धं पाऊल मागे सरली.

"अजून नाही," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्याच्या कडेला बोट लावलं. पापणी हलली नाही. "गेला."

पडद्यापलीकडे कुणी ओरडलं नाही. उरलेले चौघे माती उकरत होते.

दुसरा, तिसरा, चौथाही तसेच झाले. पातेल्यात पाणी बरोबर त्रेसष्टवर होतं, आणि आत्याने चोरून बोट बुडवून खात्री केलीच. पाचवा जावई. त्याला नरसाळ्यात सोडल्यावर आत्या पिसं काढायची थांबली आणि विनाकारण चुलीकडे जाऊन फुंकायला लागली. धाकटीने अंगठा टेकवला. जागा सापडली होती. सुरी मात्र पुढे जाईना. कितीही मोजलं, कितीही वाचलं, तरी हा रोज सकाळी तिच्या चपलेवर येऊन बसायचा.

"बाबा, थांबा जरा."

बाबांनी घाई केली नाही. "मी धरून आहे," ते म्हणाले. "तो शांत आहे. तू तुझा वेळ घे."

ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. जावयाचा डोळा उघडा होता. तो बाबांच्या तळव्यात गाल टेकवून पडला होता, उन्हात पडायचा तसा. तिने श्वास सोडला. एकदाच, दाबून, ओढून.

"अजून नाही," बाबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "गेला."

दुपारी सगळं आवरून झाल्यावर तिने सुरी गरम पाण्याने धुतली, कोरडी केली आणि टांगायला मागच्या खोलीत नेली. बाबांचा खिळा उंचावर होता. ती टाचा उंचावणार, तोच बाबा मागून म्हणाले, "तिथे नको. खाली बघ."

तिच्या खांद्याच्या उंचीवर नवा खिळा ठोकलेला होता. जरा तिरका. त्याच्या भोवती लाकडात हातोड्याचे चुकलेले घाव होते. तिने मोजले. नऊ.

"घट्ट बसलाय का बघ," बाबा म्हणाले.

तिने सुरी अडकवली आणि खिळा हलवून पाहिला. घट्ट होता.