पंचवीस सेंटची भविष्यवाणी

रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ऑर्व्हिलच्या खाणावळीसमोर दीडशे माणसं उभी होती आणि सगळ्यांची नजर एका निळ्या पत्र्याच्या पेटीवर खिळली होती. पेटी वर्तमानपत्राची. नाणं टाकायचं, दार ओढायचं, ‘मिलर्स फोर्ड कुरियर’चा अंक घ्यायचा, दार सोडून द्यायचं. गेली अकरा वर्षं ती त्याच दिव्याच्या खांबाशेजारी उभी होती आणि एवढ्या वर्षांत गावातल्या कुत्र्यांखेरीज कुणी तिच्यापाशी थांबलं नव्हतं. आज मात्र लोक तिच्यापुढे टोप्या काढून उभे होते.

“बंधूंनो, भगिनींनो!” गावात नव्यानंच आलेल्या ब्रदर टीग या धर्मोपदेशकानं हात वर केले. पांढरा सूट, पांढरे बूट, दातही तसेच. “ही पेटी कशाची?”

“पोलादाची!”

“तिच्या पायात काय ओतलंय?”

“काँक्रीट!”

“कुलूप आहे की नाही?”

“आहे!”

“आणि किल्ली कुणाकडे?”

दीडशे माना एकदम थेल्मा प्रुइटकडे वळल्या. गावातल्या बावीस पेट्या रोज भरणं, त्यांना तेल घालणं, मोडल्या तर दुरुस्त करणं हे थेल्माचं काम. ती शाईनं काळे झालेले हात एप्रनला पुसत गर्दीच्या कडेला उभी होती.

“किल्ली माझ्याकडेच आहे,” ती म्हणाली, “पण...”

“ऐकलंत! किल्ली फक्त हिच्याकडे! आणि ‘पण’ हा सैतानाचा लाडका शब्द आहे, भगिनी. तो तुम्ही गिळून टाका.”

गर्दी हसली. थेल्मानं ‘पण’ गिळला. तो तिला आठवडाभर पचला नाही.

टीगनं रुमालात धरलेलं नाणं पेटीत टाकलं, दार उघडलं आणि पेपरच्या गठ्ठ्याखालून एक पांढरं पाकीट काढलं. हे पाकीट त्यानं बुधवारी सगळ्यांदेखत आत ठेवलं होतं, वर लाल मेण ओतून त्यावर गरुडाचा ठसा उमटवून. स्वर्गातला गरुड, असं तो म्हणाला होता. तो ठसा त्यानं पंचवीस सेंटच्या नाण्याच्या मागच्या बाजूनं उमटवला होता, हे जवळ उभ्या असलेल्या थेल्मानं पाहिलं होतं.

पाकीट फोडून ऑर्व्हिलनं आतला कागद वाचला, “पुलाचं काम वसंतापर्यंत लांबणीवर.” आणि त्या दिवसाच्या कुरियरचा ठळक मथळा होता, ‘पुलाचं काम वसंतापर्यंत लांबणीवर’.

बायका रडल्या. पुरुष गुडघ्यांवर बसले. ज्या पुलाचं काम सहा वर्षं लांबत होतं, ते आणखी लांबणार हे कळवायला खुद्द परमेश्वरानं तसदी घेतली होती! त्याच्या आदल्या रविवारी त्यानं शाळेच्या फुटबॉल संघाचा पराभव अचूक कळवला होता. संघ सलग नऊ सामने हरलेला होता, पण चमत्काराच्या तोंडावर असले हिशेब कोण काढतो?

“पहिली खूण नास्तिकांसाठी,” टीग गरजला. “दुसरी शंकेखोरांसाठी. पुढच्या रविवारी तिसरी, ती रोग्यांसाठी! ती खरी ठरली की जो विश्वास ठेवेल तो बरा झाला. मग औषधाच्या बाटल्या थेट नदीत! पाकीट कोण फोडणार? पुढे ये, भगिनी नडीन.”

थेल्मा गर्दीतून एक पाऊल पुढे सरकली. नडीन तिची धाकटी बहीण. अकराव्या वर्षापासून ती दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची. आता तिला चौतिसावं लागलं होतं. सुई थांबली तर ती आठवडाही काढणार नाही, हे डॉक्टरांनी दोघींना वेगवेगळं आणि एकत्रही सांगितलं होतं.

नडीन पुढे गेली. इतकी वर्षं आजारी मुलगी म्हणून जिच्याकडे गाव पाहत होतं, तिच्याकडे पहिल्यांदाच गाव कौतुकानं पाहत होतं.

त्या दुपारी थेल्मानं बहिणीचं स्वयंपाकघर गाठलं. नडीन साखरेनं भरलेला ‘ॲपल पाय’ कापत होती. एरवी ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

“हे काय खातेयस?”

“सराव करतेय,” नडीन म्हणाली. “एका आठवड्यानं रोज खाणार आहे.”

थेल्मानं बशी मागे ओढली. “नीट ऐक. शुक्रवारी पेपर भरताना ते पाकीट मी बाजूला सरकवलं होतं. माझ्या अंगठ्याची शाई त्याला लागली, चांगला काळा ठसा उमटला. आज ऑर्व्हिलच्या हातातलं पाकीट पांढरंशुभ्र होतं. मी टक लावून बघितलंय.”

“मग देवानं पुसला असेल.”

“मग त्याला सांग, माझे एप्रनही धुऊन टाक. वीस वर्षांचे डाग आहेत.”

“तुला चेष्टा सुचतेय!” नडीन उसळली. “तुझ्या मांड्या बघितल्यायस? माझ्या बघ. तेवीस वर्षं भोसकतेय मी. मला एकदा, फक्त एकदा, बरं व्हायचंय, थेल्मा. तुला ते बघवत नाही.”

थेल्मानं बशी उचलून कपाटात ठेवली. खरं तर तिलाही तेच हवं होतं, गेली तेवीस वर्षं, रोज.

बाहेर पडून ती ऑर्व्हिलकडे गेली. टीगनं पेटीवर पहारा ठेवायला त्यालाच नेमलं होतं आणि ऑर्व्हिल त्या मानामुळे ताठ झाला होता.

“पेटीजवळ कुणी फिरकलं होतं का?” तिनं विचारलं.

“माशीसुद्धा नाही! पहाटेपासून खिडकीला नाक लावून बसलो होतो.”

“कुणीच नाही?”

“एकही माणूस नाही.”

“म्हणजे सकाळी एकही पेपर खपला नाही?”

“असं कसं? पेपर घ्यायला लोक येणारच. तीस-चाळीस जण आले असतील.”

“ती माणसं नव्हेत?”

ऑर्व्हिलनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “थेल्मा, ते पेपर घेत होते.”

थेल्मानं कॉफी तशीच ठेवली आणि उठली. आता तिला सगळं लख्ख दिसत होतं.

बुधवारी टीगनं तिसरं पाकीट पेटीत ठेवलं. गुरुवारी पहाटे पेटी भरताना थेल्मानं अंगठा शाईत चांगला घोळवला आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला दाबला, पोलीस ठाण्यात दाबतात तसा. मग घरी जाऊन नाताळातली उरलेली लाल मेणबत्ती शोधून काढली.

रविवारी पहाटे नव्या अंकाचा गठ्ठा आत ठेवताना तिनं खाली पाहिलं. काळा अंगठा जागच्या जागी होता. मग रस्त्यापलीकडे गाडी लावून ती बसून राहिली. लोक येत होते. नाणं टाकायचे, एक अंक घ्यायचे, दार सोडायचे. दार धाडकन मिटायचं. मिलर्स फोर्डमध्ये पंचवीस सेंट टाकून कुणी दोन अंक घेतल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. दार उघडल्यावर अख्खा गठ्ठा समोर असतो, पण माणूस एकच उचलतो. आपल्या गावाची ही गोष्ट थेल्माला मनापासून आवडायची.

साडेसातला हिरव्या कोटातली एक बाई आली. ब्रदर टीगची बायको. तिनं नाणं टाकलं, दार उघडून ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग दार मिटलं, हातातली मोठी पर्स बंद झाली आणि बाई निघून गेली. पेपर न घेता.

खिडकीत बसलेल्या ऑर्व्हिलनं तिला हात केला.

थेल्माच्या अंगाची आग झाली. एवढी की मेणबत्ती पेटवताना दोन काड्या वाया गेल्या. गाडीच्या स्टीअरिंगवर कागद ठेवून तिनं चार ओळी लिहिल्या, पाकीट बंद केलं, मेण ओतलं, नाणं दाबलं. स्वर्गातला गरुड हुबेहूब उमटला. मग ती रस्ता ओलांडून गेली, तेच नाणं पेटीत टाकलं, खालचं पाकीट एप्रनच्या खिशात घातलं आणि आपलं तिथे ठेवलं. ऑर्व्हिलनं तिलाही हात केला.

बाराला गर्दी तीनशेच्या वर होती. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. शेरीफचा माणूस, डेप्युटी लोमॅक्स, रहदारी आवरायला उभा होता. नडीननं निळा झगा घातला होता आणि तिच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत बाटल्या होत्या.

पोलाद झालं, काँक्रीट झालं, कुलूप झालं. टीगनं रुमालातलं नाणं टाकलं, दार उघडलं आणि पाकीट नडीनच्या हातात दिलं.

“वाच, भगिनी! मोठ्यानं वाच! तुझं बरं होणं तुझ्याच तोंडून ऐकू दे!”

नडीननं मेण फोडलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“नडीन, हे पाकीट मी आज सकाळी पावणेआठला पंचवीस सेंट टाकून पेटीत ठेवलं.” तिचा आवाज उतरला, पण वाचणं थांबलं नाही. “माझ्याआधी साडेसातला ब्रदर टीगच्या बायकोनं तेवढेच टाकून दुसरं ठेवलं. देवानं काहीच टाकलं नाही. घरी जा, सुई टोच, मग जेव. थेल्मा.”

गर्दीत कुणाचं तरी तान्हं मूल तेवढं शिंकलं.

“सैतान!” टीग किंचाळला. “सैतानानं कुलूप फोडलं!”

“कुलूप शाबूत आहे,” थेल्मा पुढे आली. “या, सगळे बघा. हे कुलूप आहे खालच्या डब्याला. त्यात नाणी पडतात. चोरांनी ट्रकला साखळी बांधून पेट्या ओढून नेल्या, म्हणून पायात काँक्रीट आलं. लोकांनी लोखंडी चकत्या टाकल्या, म्हणून चकती ओळखून परत टाकणारी खाच आली. पोलाद, कुलूप, काँक्रीट, सगळा बंदोबस्त नाण्यांसाठी आहे. आणि हे वरचं दार? त्याला एक आकडा आहे, बोटाएवढा. नाण्याच्या वजनानं पट्टी खाली जाते, आकडा सुटतो. नाणं कुणाचं आहे हे आकडा विचारत नाही. मी स्वतः रोज नाणं टाकूनच पेपर भरते. दार एकदा उघडलं की एक अंक घ्या, सगळे घ्या, नाहीतर आत मेलेली मांजर ठेवा.”

“पण सगळे कोण घेईल?” ऑर्व्हिल गोंधळून म्हणाला. “किंमत एकाचीच दिलेली असते ना!”

“तेच तर! तुम्ही कधी दुसरा अंक उचलला नाहीत, म्हणून कुणी आत काही ठेवील हे तुमच्या स्वप्नातही आलं नाही. या माणसानं तुमच्या चांगुलपणावरच दुकान थाटलं, ऑर्व्हिल. आणि तू तीन आठवडे त्याची राखण केलीस.”

तिनं एप्रनच्या खिशातलं पाकीट लोमॅक्सच्या हातात दिलं. त्यानं ते फोडलं. आत त्याच दिवसाचा मथळा होता, शब्द न् शब्द. “पहाटे दुसऱ्या पेटीतून अंक घेऊन उतरवलाय. आता बुधवारचं पाकीट त्या बाईंच्या पर्समध्ये असेल,” थेल्मा म्हणाली. “त्याच्या मागे माझा अंगठा आहे.”

हिरवा कोट मोटारीकडे निघालाच होता. लोमॅक्सनं टोपीला हात लावला. “बाईसाहेब, दाखवता का जरा?” तीनशे माणसांनी वेढल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. पाकीट निघालं. मागे काळाकुट्ट अंगठा. आत कोरा कागद.

“हीदेखील परीक्षाच होती!” टीग मोटारीचं दार शोधत ओरडला. “श्रद्धेची परीक्षा!”

“मग नापास कोण झालं?” मागून कुणीतरी विचारलं. त्याचं उत्तर न देताच पांढरा सूट निघून गेला.

लोक लगेच पांगले नाहीत. ते एकेक करून पेटीपाशी आले, नाणं टाकून दार उघडून बघू लागले आणि आत हात घालून खात्री करू लागले. प्रत्येकानं जाताना एकच अंक घेतला. एक म्हातारी मात्र थेल्माला कोपऱ्यात गाठून म्हणाली, “पण त्याच्या पाकिटात तुझं पत्र आलं, हा चमत्कारच नाही का गं?”

“आजी,” थेल्मा म्हणाली, “पंचवीस सेंट आहेत का तुमच्याकडे? मग तुम्हीही करून बघा.”

थेल्मानं गाडी काढली. घरी येऊन नडीननं पिशवी टेबलावर आपटली. “सगळ्या गावासमोर माझ्याच तोंडून मला वेडी ठरवलंस!”

“ठरवलं.”

“मी तुला कधी माफ करणार नाही.”

“नको करूस. पण ते न करायला पुढची चाळीस वर्षं जिवंत राहा.”

नडीन रडू लागली. मग तिनं पिशवीतून एक बाटली काढली, सुई भरली. थेल्मानं तिचं मनगट धरलं. सुई आत गेली. बरं होण्याचं स्वप्न तिथेच संपलं आणि त्याचं थेल्मालाही फार वाईट वाटलं. पण अर्ध्या तासानं दोघी बहिणी जेवायला बसल्या होत्या.

सोमवारी ऑर्व्हिल आणि आणखी चौघे मागणी घेऊन आले, पेटीच्या वरच्या दारालाही मजबूत कुलूप लावा. थेल्मानं साफ नाही म्हटलं. अकरा वर्षं ते दार विश्वासावर चाललंय आणि पुढेही चालेल, ती म्हणाली. शेजाऱ्यावर विश्वास जरूर ठेवा. पण बंद पेटी दाखवून कुणी तुमचं औषध नदीत टाकायला सांगू लागला, तर गुडघ्यावर बसण्याआधी स्वतःचं एक नाणं टाका आणि ती पेटी कुणाकुणाला उघडते ते बघा. पंचवीस सेंटचं काम आहे. नडीनचा जीव तेवढ्यावर वाचला.