डांबराचा दुसरा हात

सत्यशीला मूल गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं गावाच्या कडेला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून, दोन खोल्यांचं विटांचं घर बांधायला काढलं. जागा मोकळी, हवेशीर, खोड एकच. पावसाळ्यात बांध्या भरल्या की पाणी थेट जोत्याला येऊन टेकणार. तिचं लहानपण मातीच्या घरात गेलेलं. श्रावणात भिंतीची खालची हातभर माती फुगायची, मग गळून पडायची. म्हणून तिनं देवाजी मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ, रंग नाई झाला तरी चालन, पन खालून ओल चढाले नाई पाहिजे."

"नाई चढत, बाई," देवाजी म्हणाला होता. साठीचा माणूस, पंचक्रोशीत त्याच्या हाताचं नाव होतं. भिंती त्यानं ओळंब्यात सरळ उभ्या केल्या. मग बाहेरून भिंतीलगत दोन फूट खोल चर खणला, जोतं घासून स्वच्छ केलं, सिमेंटचा गिलावा चढवला, तो मुरू दिला, वाळू दिला. आता गरम डांबराचे दोन हात द्यायचे आणि चर मुरमानं बुजवायचा, एवढंच राहिलं होतं.

पहिला हात झाला त्या दिवशी सत्यशीला ड्युटीवरून तशीच तिकडे आली. चरात उतरली आणि थबकली. काळ्या पट्ट्यात जागोजागी गिलावा उघडा दिसत होता. कुठं तळहाताएवढी जागा सुटलेली, कुठं वीतभर लांब फट.

"देवाजीभाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही?" तिचा आवाज चढला. "इथून पानी शिरलं तं सारी मेहनत वाया! जमत नसन तं सांगा, मी दुसरा मिस्त्री पाहतो."

देवाजी डांबराचा डबा उचलायला वाकला आणि कडी धरताना हलकंसं कण्हला.

"हात दाखवा," ती म्हणाली. तो मागे सरला, तसा तिनंच हात ओढून घेतला. उजव्या हाताच्या चारही बोटांची टोकं भाजून फोड आले होते.

"गरम डांबराले हात काऊन लावला?"

तो चराच्या काठावर बसला आणि म्हणाला, "दोन वर्सं झाली, बाई. समोर धुकं असल्यावानी दिसते. वीट हाताले समजते, गिलावा समजते. बोट फिरवलं का खड्डा कुठी, उंचवटा कुठी, सारं कळते. डांबराले बोट लावून पाहाले गेलो तं..." त्यानं हात पदराआड लपवावा तसा धोतरात लपवला. "कोनाले सांगू नोका. आंधळ्याले कोन काम देईन?"

सत्यशीलानं त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधी साय धरली होती. रोज कितीतरी डोळे ती बघत असे, आणि तीन महिने समोर वावरणाऱ्या माणसाचे तिला दिसले नव्हते. आपण काय बोलून बसलो, हे आठवून तिला शरम वाटली. तिनं पिशवीतून मलम काढलं, बोटांना लावलं, पट्टी बांधली.

"उद्या मी रजा टाकतो," ती म्हणाली. "दुसरा हात आपन दोघं देऊ."

दुसऱ्या दिवशी देवाजीनं चूल पेटवली. डांबर किती तापलं हे तो वासावरून आणि बुडबुड्यांच्या आवाजावरून ओळखत होता. "आता घ्या, पातळ झालं. ब्रश आडवा नाई, उभा मारा, पहिल्याच्या उलटा." सत्यशीला जुनं लुगडं कमरेला खोचून चरात उभी होती. आई रुखमा वरून ओरडत होती, "नर्सबाई, तोंडालेही लावलं का?" खरंच नाकावर काळं लागलं होतं. दुपारपर्यंत तिचा खांदा भरून आला, पण चारही भिंती झाल्या.

डांबर थंड होऊन घट्ट झाल्यावर, तिसऱ्या दिवशी देवाजी डाव्या हाताचा तळवा टेकवत घराभोवती फिरला. मागच्या कोपऱ्यात थांबला.

"बाई, इथी राह्यलं."

सत्यशीलानं वाकून पाहिलं. सावलीत रुपयाएवढा ठिपका कोरा होता. ती हसली आणि निमूटपणे ब्रश घेऊन आली.

भादव्यात बांध्या तुडुंब भरल्या. पाणी जोत्याला लागून पंधरा दिवस उभं राहिलं. रुखमा आतून भिंतीला पाठ टेकून तांदूळ निवडत बसे आणि आल्यागेल्याला म्हणे, "हात लावून पाह, कोरडी ठन्न हाय."

दिवाळीला भिंतींना रंगही लागला आणि त्यानंतर दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर भरलं. देवाजी आधी टाळाटाळ करत होता. सत्यशीलानं स्वतः जाऊन त्याला आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा मिळाला. महिन्याभरानं तो घर बघायला आला. अंगणात उभा राहून त्यानं भिंती वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या.

"निळा हाय का हा रंग?"

"निळाच तं."

"मी साऱ्याइले हिरवा सांगून राह्यलो होतो," देवाजी म्हणाला, आणि दोघंही मोठ्यानं हसले.