भाऊंनी दिलेला संडास

भाईंदरला, गोडदेवच्या मारुतीच्या देवळाबाहेर, ओट्यावर, दर शुक्रवारी दुपारी सुगंधाबाई बसायच्या. पालिकेत ज्याचं काम अडलं असेल त्याने यावं. कुठल्या मजल्यावर जायचं, कोणत्या टेबलावर काय मागायचं आणि कोणी ‘उद्या या’ म्हणालं तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे बाई सांगायच्या. पैसे नाहीत, चहाही नाही. लोकांना आधी हेच पटेना. फुकट सांगते म्हणजे हिचं नक्की काहीतरी असणार, पुढच्या निवडणुकीला उभी राहणार असेल, असं बोललं जायचं.

बाईंचं काही नव्हतं. मुंबईत टेलिफोन खात्यात जन्म गेला, स्वेच्छानिवृत्ती घेतली, परळची खोली विकून भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला आणि घरात बसून बसून डोकं उठलं. त्यांचे यजमान दत्ताराम म्हणायचे, "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे हिला." असेना का! शिवाय बाईंना राग यायचा, आणि रागाला कुठेतरी कामाला लावलेलं बरं. साधा जन्माचा दाखला काढायला माणसं एजंट गाठत होती. नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाच्या ऑफिसात बाहेर चपला काढून बसत होती. अरे, पालिका तुमची, पैसा तुमचा, आणि हात कोणापुढे जोडताय? असं त्या चारचौघांत ओरडायच्या. लोक माना डोलवायचे आणि परत भाऊंकडेच जायचे.

भाऊ म्हणजे तिथले नगरसेवक. त्यांचं खरं नाव बॅनरवर असायचं, पण सगळ्यांच्या तोंडी भाऊच.

एका शुक्रवारी मंदा आली. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला जाणारी बाई, मूळची पोलादपूरकडची. नवरा वारलेला. सोबत तिची दहावीतली मुलगी संपदा, तोंड सुकलेलं, ओठ फुटलेले.

"बाई, पोरीला सारका ताप येतो. बाहेरचा डॉक्टर परवडत न्हाय. पालिकेच्या दवाखान्यात घेतील का? कुणाची चिठ्ठी लागते?"

"कुणाची म्हणजे?"

"भाऊंची."

"कुणाचीही लागत नाही," बाई ओरडल्याच. "चल, मी येते."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने संपदाला तपासलं, लघवीला जळजळ होते का विचारलं, मग म्हणाली, "पाणी अजिबात पीत नाहीस तू. का?"

संपदा खाली बघत म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"कुठे?"

डॉक्टरणीने मंदाकडे बघितलं. मग मंदानेच सांगितलं. गल्लीतल्या बायका पहाटे अंधारात जातात आणि रात्री अंधार पडल्यावर जातात, खाडीकडच्या झुडपांत. मधला दिवस धरून ठेवायचं. पोरगी आधी शाळेत तरी जायची, आता परीक्षेआधीची सुट्टी लागली, दिवसभर घरातच असते.

"असंच चाललं तर हिची मूत्रपिंडं जातील," डॉक्टरीण म्हणाली. "औषध देते, पण नुसत्या औषधाने काही होणार नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं. दाबून ठेवायचं नाही. एकदासुद्धा नाही."

येताना बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. सोळा वर्षांची पोर, परीक्षा तोंडावर, आणि ती तहान मारत बसलीय. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्या थबकल्या.

"मंदा, हा काय मग? हा संडास नाही का?"

होता की. चांगला पक्का, टाइल्स लावलेला. वरचा बोर्ड संडासापेक्षा मोठा, त्यावर हात जोडलेले भाऊ.

"हाय," मंदा म्हणाली. "त्यो भाऊंचा हाय."

"भाऊंचा म्हणजे?"

"भाऊंनी दिलाय. पुरुषांची बाजू चालू हाय. बायकांच्या बाजूला भाऊंच्या मंडळाचं सामान असतं. मांडवाचे बांबू, खुर्च्या, गणपतीचं मखर. किल्ली भाऊंच्या माणसाकडं, बाबाजीकडं असते."

"कधीपासून?"

"बांधला तवापासनं. पयल्या गणपतीला ठेवलं ते ठेवलंच."

"आणि तुम्ही कोणी काही बोलला नाहीत?"

मंदाला हा प्रश्नच कळला नाही. "त्यांनी दिला, त्यांनी आपलं सामान ठेवलं. आपण कोण बोलनार? धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धर्माची गाय! बोर्डाच्या अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, बांधकाम पालिकेच्या निधीतून असं लिहिलेलं होतं. वर मात्र हे जोडलेले हात आणि दात दाखवणारं हसू. आयजीच्या जिवावर बायजी उदार! लोकांच्याच पैशांनी संडास बांधायचा, लोकांनाच दान दिल्याचं सांगायचं, आणि त्यातला अर्धा खुर्च्यांना राहायला द्यायचा. खुर्च्यांना छप्पर, आणि बायका झुडपात.

दुसऱ्या दिवशी बाई प्रभाग कार्यालयात हजर. तिथला क्लार्क ईश्वर त्यांना चांगला ओळखत होता. त्या दिसल्या की तो पाणी प्यायला उठायचा. त्या दिवशी त्याला उठायला वेळ मिळाला नाही.

"काय मॅडम, एवढ्याशासाठी टेन्शन घेताय," तो म्हणाला. "भाऊंना एक फोन टाका ना. ते किल्ली पाठवतील."

"अरे, तुझ्या पालिकेचा संडास आहे आणि तू मला भाऊंकडे पाठवतोस?"

"तसं नाही. पण ते भाऊंचं काम आहे ना."

म्हणजे ह्यालाही तसंच वाटत होतं! पगार पालिकेचा खातो, बोर्ड भाऊंचा वाचतो. बाईंनी टेबलावर हात आपटला तेव्हा त्याने सांगितलं, की तक्रार तिथे राहणाऱ्या कोणीतरी करायला हवी. मॅडमच्या सोसायटीत घरोघरी संडास आहे, त्यांची तक्रार कशी घेणार? हे मात्र त्याने बरोबर सांगितलं, आणि बाईंना त्याचा जास्तच राग आला.

संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या बायका देवळाच्या ओट्यावर गोळा केल्या. तक्रार कशी द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का कसा मागायचा, सगळं समजावलं. बायकांनी मन लावून ऐकलं. सही करायची वेळ आली तेव्हा एकीचं दूध उतू जायला लागलं, एकीला नवऱ्याला विचारायचं होतं. आशा नावाच्या एका म्हातारीने तर कानावर हातच ठेवले. "भाऊंनी माज्या नातवाला शाळेत चिकटवला. त्यांच्या इरुद्ध मी अंगटा देऊ? पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर?"

"तुम्हाला उपकाराखाली जगायची सवय लागलीय," बाईंचा तोल गेला. "म्हणून ते तुमच्या डोक्यावर बसलेत. तुमच्या पोरी झुडपात जातात आणि तुम्ही त्याच माणसाला ओवाळता! लाज वाटत नाही?"

त्यावर मंदा म्हणाली, "बाई, तुमच्या घरात संडास किती?"

उत्तराची तिने वाट बघितली नाही.

"दोन असतील. तुमी भाऊंशी भांडून घरी जाल. आमी कुटं जाऊ? उद्या नळाचं पाणी तोडलं तर? लाज तुमाला परवडते."

बायका आपापल्या घरी गेल्या. सुगंधाबाई ओट्यावर एकट्याच बसून राहिल्या. त्यांना मंदाचा राग आला, मग स्वतःचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो त्या बोर्डावरच्या हसण्याचा. दत्ताराम शोधत आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्यांना शिकवायला गेले आणि त्यांच्यावरच खेकसून आले."

त्यानंतर चारच दिवसांनी संपदाला थंडी वाजून ताप चढला. अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी पोरगी थडथडत होती. दवाखान्यात ठेवून घेतली, सलाईन लावलं. ताप डोक्यात गेल्यासारखी ती बरळत होती, आणि बरळताना एकच म्हणत होती, "पाणी नको, आई, पाणी नको." मंदाने ते ऐकलं. तिथून ती तशीच, कारखान्यातल्या पॉलिशने काळ्या पडलेल्या साडीत, सुगंधाबाईंच्या दारात आली.

"कुटं सही करायची ते दाखवा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाची नको. माजी एकटीची पुरे."

बाईंनी तिला आत घेतलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. "ऐक. तिथे मी तोंड उघडणार नाही. तूच बोलायचं. बस म्हणाले तर बसायचं, उद्या या म्हणाले तर उठायचं नाही."

ईश्वरने अर्ज बघितला आणि साहेब मीटिंगला गेलेत म्हणाला. मंदा साहेबांच्या दारात जमिनीवर बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागायला लागलं. थोड्या वेळाने मीटिंगला गेलेले साहेब आतूनच बाहेर आले.

"काय आहे बाई?"

मंदाने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊंशी बोललात का?"

"साहेब, संडास भाऊंचा हाय का पालिकेचा?" मंदा म्हणाली. "तेवडं सांगा. भाऊंचा असंल तर मी जाते, परत न्हाय यायची."

साहेबांनी सुगंधाबाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. माहितीचा अधिकार तेव्हा नवा नवा आला होता आणि या बाई उठसूट त्याचा अर्ज टाकतात हे साहेबांना ठाऊक होतं.

"पालिकेचा," साहेब म्हणाले.

"मग उगडा."

"उघडू की. सोमवारपर्यंत उघडतो."

"ते ह्याच्यावर लिवा आनि शिक्का मारा."

साहेबांनी लिहिलं. ईश्वरने शिक्का मारला. बाहेर आल्यावर मंदा जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि रडली. सुगंधाबाईही तिच्या शेजारी बसल्या.

पण भाऊ काय झोपले होते? ईश्वरने अर्जाची शाई वाळायच्या आत त्यांना फोन केला असणार. रविवारी सकाळी गल्लीत मांडव उभा राहिला. बायकांच्या बाजूचे बांबू, खुर्च्या बाहेर निघाल्या आणि त्याच खुर्च्यांवर पाहुणे बसले. बाबाजीने आत पाणी मारलं, फिनेल टाकलं, दाराला लाल रिबन बांधली. वर नवा बोर्ड चढला, ‘माता-भगिनींना भाऊंची प्रेमाची भेट’. खाली पुन्हा तेच हसू.

चोर तो चोर, वर शिरजोर! सुगंधाबाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या आणि रागाने त्यांना घाम फुटला होता. त्या चालू पडणार होत्या, पण मंदाने त्यांचा हात धरून ठेवला. मंदाला पुढे बसवून भाऊंना हार घालायला सांगितलं होतं. तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मागे येऊन उभी राहिली.

भाऊ माईकसमोर आले. बायकांचे हाल त्यांना कसे बघवत नव्हते, रात्ररात्र झोप कशी लागत नव्हती, हे ते सांगायला लागले. मग आईची आठवण काढली. मग विकासाची गाडी, मग विरोधक. बाबाजी ताटात कात्री घेऊन बाजूला उभा. बायका घाम पुसत बसल्या होत्या. आशा म्हातारी दोनदा उठून परत बसली.

तेवढ्यात संपदा आली. कालच तिला घरी सोडलं होतं. तोंडावर अजून आजारपण, अंगात ढगळ गाऊन, हातात पाण्याचा डबा. ती गर्दीतून सरळ चालत दारापर्यंत गेली. कोणाकडे बघितलं नाही.

"ए पोरी, थांब!" बाबाजी ओरडला. "अजून उद्घाटन व्हायचंय!"

संपदा थांबली नाही. डबा एका हातात सांभाळत ती रिबनखालून वाकून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज मांडवात सगळ्यांना ऐकू आला, कारण भाऊ बोलायचे थांबले होते.

"काय ही पद्धत?" भाऊ माईकवरच म्हणाले. "दोन मिनिटं दम नाही निघत?"

"न्हाय निघत," मंदा मागून ओरडली. एवढ्या मोठ्याने ती जन्मात कधी बोलली नव्हती. "डॉक्टरनी तिला दाबून ठेवायला मनाई केलीय. तुमी भाषण दाबून ठेवा!"

मग आशा म्हातारी उठली. जिच्या नातवाला भाऊंनी शाळेत चिकटवलं होतं, ती भाऊंविरुद्ध अंगठा न देणारी आशा. तिने खुर्चीखालचा आपला डबा काढला, पदर खोचला आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागे दुसरी गेली, मग तिसरी. काहीजणी हसत होत्या, काही डबा आणायला घराकडे पळाल्या. मंदाही गेली, आणि तिने सुगंधाबाईंनाही ओढत नेलं.

रिबनला कोणीच हात लावला नाही. भाऊंना कात्रीचं ताट घेतलेल्या बाबाजीसकट बाजूला सरकावं लागलं, कारण ते दोघं रांगेच्या मधे उभे होते.