चढावरच्या वळणावरचा बाक

मी बाक बोलतोय. माझा मुक्काम सध्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे, पण माझी खरी जागा ही नव्हे.

मला बनवणारा सुतार डोकेबाज होता. गुडघे धरलेल्यांना उठताना जोर देता यावा, म्हणून त्याने माझे हात जरा उंच ठेवले. चढावरच्या फुटपाथवर मला रोवताना तो म्हणाला, "वस्ती खाली, बाजार वर. मध्ये टेकायला काही नसलं, तर म्हातारी माणसं घरातच बसतील."

शिंपीकाका रोज यायचे. जन्म मशीनवर बसून गेलेला, त्यात साखरेचा आजार. डॉक्टरीणबाईंनी तंबीच दिली होती, "काका, चालला नाहीत तर पाय गमवाल." मग काका पिशवी घेऊन निघायचे, दहा मिनिटं माझ्यावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिलाईला नावं ठेवायचे आणि उरलेला चढ चढायचे. वर्षभरात साखर आटोक्यात आली.

पुढे वस्तीत गाड्या वाढल्या. फुटपाथ काढून रस्ता रुंद करा, असा अर्ज फिरला. काकांच्या मुलाने नुकतीच गाडी घेतली होती. "बाकाचं काय एवढं! बसायला घरी खुर्च्या आहेत," म्हणत काकांनी पहिली सही ठोकली. मला भयंकर राग आला.

मला उपटलं. आठवडाभर मी कडेला उताणा पडून होतो. पहिल्या दिवशी काका दम खायला एका गाडीला टेकले, तर आतला माणूस खेकसला, "ओ, हात काढा!" दुसऱ्या दिवशी हॉर्नला दचकून ते अर्ध्यातून परतले. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

दोन वर्षांनी दवाखान्यात गर्दी मावेना, म्हणून मला गोदामातून काढून इथे आणलं. वस्तीतली निम्मी माणसं आता माझ्यावर बसून नंबरची वाट बघतात.

काल मुलाने काकांना गाडीतून आणलं. उजव्या पायाची दोन बोटं कापलीत. काकूंनी मला ओळखलं. "अहो, हा आपल्या वळणावरचा ना?" काका माझा हात घट्ट धरून बसले. माझा राग निवळला म्हणणार नाही, थोडा उरलाच.

उघड्या दारातून मला दिसत होतं. आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम भरली की रोज थोडं चाला."

"कुठे चालू, बाई?" काकांनी विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि गोळी वाढवून दिली.

तुमच्या रस्त्यावर माझा एखादा भाऊबंद अजून उभा असेल, तर उद्याच जाऊन त्याच्यावर बसा. कुणी अर्ज घेऊन दारात आलं, तर सही करण्याआधी एकदा तो रस्ता पायी चालून या. इथे माझ्यावर आता जागा नाही.