बाकामागचा निळा तंबू

रविवार, दुपारचे सव्वातीन. श्रीव्हपोर्टच्या मैदानाची पश्चिमेकडची कड, आमच्या संघाच्या बाकामागची जागा. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला. दोन माणसांनी मार्सेल गिलरीला काखांत हात घालून माझ्यात आणलं आणि पडदा ओढून घेतला.

मी तो निळा तंबू बोलतोय.

खरं तर तंबू म्हणणं म्हणजे माझं कौतुकच. वाकवलेल्या नळ्या, त्यांच्यावर ताणलेलं जाड कापड आणि आत एक खाट. एरवी घडी होऊन जमिनीलगत पडलेला असतो. खेळाडूला लागलं की कुणीतरी पट्टा ओढतं आणि मी छत्रीसारखा उभा राहतो. कॅमेऱ्यांना आतलं दिसू नये, डॉक्टरांना निवांत तपासता यावं, म्हणून मला बनवलं. पट्ट्याला हात लागला की माझ्या नळ्या थरथरतात. लोकांना वाटतं वारा आहे.

माझ्या आत माणसं वेगळी असतात. बाहेर छाती ठोकणारा दांडगा गडी आत आला की आईचं नाव घेतो. कुणी ओकतं, कुणी देवाशी भांडतं. एकाला तर काहीच झालेलं नसायचं, पण मुतारी लांब होती म्हणून तो लंगडत यायचा.

मार्सेल पहिल्यांदा आला तो पहिल्याच वर्षी, करंगळी उलटी फिरवून. तो रिसीव्हर. म्हणजे कडेने सुसाट पळायचं आणि खांद्यावरून येणारा चेंडू वरच्यावर झेलायचा. त्या क्षणी दोन्ही हात वर असतात, डोळे आभाळात, आणि मारणाऱ्याला बरगड्या, मान, डोकं सगळं मोकळं. करंगळी बसवताना तो हसत म्हणाला होता, "जपून, डॉक्टर. नऊ बोटांनी झेलणाऱ्याला इथे कुणी ठेवत नाही."

पुढे बरगडी मोडून आला, गुडघा सुजवून आला. दरवेळी हसणं थोडं कमी. यंदा संघाने त्याच्या जागेसाठी एक नवा, त्याच्याहून वेगवान रिसीव्हर आणला होता. एक सामना बाहेर बसलो की जागा गेली, हे मार्सेलला कुणी सांगायची गरज नव्हती.

या खेळाडूंची एक रीत आहे. डोक्याला मार बसलेल्याला पंचाने पाहून बाहेर काढण्याआधी जवळच्या गड्याने उचलायचं आणि पाठ थोपटल्यासारखं करत उभं धरून ठेवायचं. त्या दुपारी टॉलिव्हरने तेच केलं. टॉलिव्हर दुसऱ्या कडेचा रिसीव्हर, मार्सेलचा जिवाभावाचा दोस्त. पण मार्सेलचे पायच गळाले, आणि ते सगळ्या स्टेडियमला दिसलं. म्हणून मला उघडावं लागलं.

आत संघाचे डॉक्टर हॅव्हरकँप होते आणि त्यांचा मदतनीस. अशा तपासणीला संघाचा पगार न घेणारा, बाहेरचा मेंदूचा डॉक्टरही हजर लागतो. तसा नियम आहे. तो आलेला नव्हता.

"तो येईपर्यंत सुरू करू," हॅव्हरकँप म्हणाले. "मार्सेल, आपण कुठे आहोत?"

मार्सेल माझ्या छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती होती. उत्तर शोधायला गेलेला माणूस रिकाम्या खोलीत उभा राहावा, तशी.

तेवढ्यात माझ्या कापडाला पाठ टेकून टॉलिव्हर बोलू लागला, मुद्दाम मोठ्याने. कठड्यापलीकडे दुसऱ्या रांगेत मार्सेलची आई अर्लीन बसली होती. बोलणं तिच्याशी होतं.

"अर्लीनमावशी, आज आपल्या श्रीव्हपोर्टमध्ये गर्दी बघा. घरचं मैदान असावं तर असं."

"गर्दी गेली खड्ड्यात. माझं लेकरू कसं आहे ते सांग."

"श्रीव्हपोर्ट," मार्सेल आत म्हणाला. "घरचं मैदान."

"मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

"ठणठणीत आहे तो, मावशी. मागच्या रविवारी तुम्ही ओमाहाला आला नाहीत, म्हणून हरलो आपण."

"माझ्यावर कशाला ढकलतोस? तुझ्या हातातून चेंडू निसटत होते ते टीव्हीवर पाहिलंय मी. साबण लावून गेला होतास का?"

"ओमाहाशी," मार्सेल म्हणाला. "हरलो."

हॅव्हरकँप यांची मान आवाजाच्या दिशेने वळली. म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं होतं. आता ते टॉलिव्हरला हाकलतील म्हणून मी वाट पाहिली. मी नजर अडवू शकतो. आवाज अडवणं माझ्या हातात नाही. त्यांच्या हातात होतं.

बाहेरून प्रशिक्षकाने विचारलं, "डॉक्टर, हा येतोय की नव्याला पाठवू?"

हॅव्हरकँप यांनी मान परत फिरवली. "मार्सेल, शेवटचे गुण कुणी केले?"

"मावशी," टॉलिव्हर म्हणाला, "मघाचा तो शेवटचा झेल. तुम्ही उभ्या राहून नाचत होता म्हणे?"

"नाचणार नाही तर काय? माझ्या मार्सेलने केले ते गुण. दोघांच्या मधून उडी मारली माझ्या लेकाने. घसा बसलाय माझा ओरडून."

खाटेवरचा मार्सेल हसला. एखादी चांगली बातमी पहिल्यांदा कळावी तसा.

"मी केले," तो म्हणाला.

यानंतर पाच शब्द सांगायचे असतात आणि थोड्या वेळाने तेच विचारायचे असतात. ती उत्तरं बाहेरून येऊच शकत नाहीत. ते पाच शब्द विचारलेच गेले नाहीत. पडदा सरकला. मार्सेल हेल्मेट घालून निघाला तो समोरच्या संघाच्या बाजूला. टॉलिव्हरने त्याला खांद्याला धरून वळवलं. तेव्हा टॉलिव्हरचा चेहरा मी पाहिला. आपण काय केलं, हे त्याला त्याच घडीला कळलं होतं. तरी त्याने मार्सेलला मैदानात जाऊ दिलं.

चेंडू उंच आला. मार्सेलचे हात वर गेले. धावत आलेल्या बचावपटूचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. तो खाली पडला तेव्हा हात तसेच वर होते, ताठ, लाकडासारखे. या वेळी मला कुणी उघडलं नाही. सरळ गाडी बोलावली. अर्लीन कठडा ओलांडून धावली, आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू आला.

मार्सेल आता आईच्या घरी असतो. पडदे ओढलेले असतात, कारण उजेड सोसत नाही. ती काही बोलली की तो तिचंच वाक्य परत म्हणून दाखवतो. तिला वाटतं, लेक सुधारतोय. तंबूत तिच्या बोलण्यातून त्याने काय उचललं होतं, हे तिला ठाऊक नाही. तिला ते सांगू नका. ती आई आहे, आपल्या मुलाचं कौतुक करत होती. हिशोब मागायचाच तर टॉलिव्हरकडे मागा. तो द्यायला तयार आहे. हॅव्हरकँप यांच्याकडे मागा. ते अजून त्याच बाकावर बसतात. आणि मला पुन्हा उघडण्याआधी मागा, कारण येत्या रविवारी सामना आहे, आणि पट्टा ओढणाऱ्याला नाही म्हणायला मला तोंड नाही.

त्या दुपारी बाहेरचा डॉक्टर माझ्याकडेच धावत निघाला होता. अर्ध्या वाटेत त्याच्या वायरलेसवर कुणीतरी म्हणालं, "गिलरीचा फक्त खांदा दुखावलाय, तुमची गरज नाही." तो मागे फिरला. त्या वायरलेसवर बोलायची मुभा चौघांना होती. चौघेही म्हणतात, तो आवाज आपला नव्हता.