पाचशे शब्दांची गोष्ट

बंगळूरच्या कॉलेजनं अर्जासोबत निबंध मागितला होता: आयुष्य बदलणारा प्रसंग लिहा, पाचशे शब्दांत. बीडच्या क्लासमधल्या पंडित सरांना मी आधी कबड्डीच्या सामन्याची गोष्ट दाखवली. डोंगर पोखरून उंदीर काढलास, म्हणाले. मग माझ्या मोडलेल्या लग्नाची लिहून नेली, तेव्हा त्यांचा चहा हातातच निवला.

चार वर्षांपूर्वी दुष्काळ पडला. घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघालं. सहकारी कारखान्याचा मुकादम जोडपीच न्यायचा. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला कोण विचारतो? म्हणून हंगामाआधी लग्नांची घाई. माझंही ठरलं. मी चौदाची होते. हळदीच्या सकाळी मी शाळेतल्या सुभद्राबाईंच्या घरी पळाले. वडील दोनदा येऊन गेले, बाईंनी दार उघडलं नाही.

इथवर सर खूश होते. पुढच्या परिच्छेदावर त्यांनी सरळ रेघ मारली.

"निबंधात नायिका एकच असते, शिवकन्या. हे ठेवलंस तर सगळ्यावर पाणी पडेल."

त्या परिच्छेदात मंजुळा होती. मांडव घातलेला, वऱ्हाड यायला निघालेलं. त्यांना रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं, म्हणून वडिलांनी माझ्या जागी तिला उभं केलं. माझी धाकटी बहीण, बारा वर्षांची. मी वाचले ती अशी.

मी निबंध नव्या वहीत उतरवला, तिच्याशिवाय. खोटं तर काहीच लिहिलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. सरांनी इंग्रजी करून पाठवला. महिन्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आईनं पेढे वाटले.

मंजुळा तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिनं वही मागून घेतली. लेकराला मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून तिनं सगळं वाचलं. मग पान उलटलं. मागचं पान कोरं होतं.

"अक्का, यात मी कावून न्हाई?"

मला इतकी शरम वाटली की मान वर होईना. पाचशेच शब्दांत लिहायचं होतं गं, असं काहीतरी पुटपुटले.

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली.

"मला एकच लई झाला असता," ती म्हणाली. "मंजुळा."