चहाविना दुपार

माझी भाची जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर आपल्या आतड्यांविषयी बोलते, तेव्हा अजूनही माझी मान आपोआप खाली जाते. तिच्या दुखण्याला आता तीन इंग्रजी अक्षरांचं सुटसुटीत नाव आहे. परवा म्हणाली, "आत्या, तुलाही हेच होतं ना? मग चहा-कॉफी सोडून तू कामावर जागी कशी राहायचीस? मला तर दुपारी स्क्रीनसमोर डोळे उघडे ठेवणं मुश्कील होतं."

"राहायचे कशीबशी," मी म्हटलं. पुढचं तिला सांगवलं नाही. ते इथे लिहिते.

मी एका छापखान्यात वाचणारी होते. हे काम आता उरलेलं नाही. त्या वेळी अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत, त्यावर शाई फिरवून कागदावर कच्चा ठसा काढत, त्याला प्रूफ म्हणायचं. प्रूफ मुद्रितशोधकाच्या पुढ्यात आणि लेखकाची मूळ प्रत माझ्या हातात. मी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि त्यांनी प्रुफावरून नजर फिरवत चुका दुरुस्त करायच्या. ही सवय अशी अंगात मुरली होती की दादा म्हणायचा, "हिचं लग्न ठरलं असतं तर भर मांडवात नवऱ्याला 'अहो, उद्गारचिन्ह' म्हणाली असती."

मुद्रितशोधकांना सगळे प्रूफकाका म्हणत. वयानं मोठे, जाड चष्मा, मान कधी वर करायचे नाहीत. मी वाचीन तसं प्रुफात नसेल, तर ते समासात लिहून मोकळे होत. एकदा मी विचारलं, "काका, मीच चुकले तर?" तर म्हणाले, "बाई, तुम्ही तोंड, मी डोळे. डोळे तोंडावर संशय घ्यायला लागले तर पुस्तक या जन्मी व्हायचं नाही."

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. खाली जुळाऱ्यांचं लांबलचक दालन, त्यापलीकडे मागचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात सगळ्या इमारतीतला एकुलता एक संडास. म्हणजे मला जायचं झालं तर जिना उतरून, खिळ्यांच्या पेट्यांपुढे उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांसमोरून जावं लागे. इमारतीत बाई मी एकटीच. शेवटच्या पेटीशी फोरमन उभा असायचा. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला कडी नव्हती.

"काय बाई, परत?" तो विचारायचा.

तो सहज विचारायचा, मी मात्र पायाखालची जमीन शोधत राहायचे. पोटात कळ कधी उठेल याचा नेम नसे. कधी खाल्ल्याबरोबर, कधी नुसत्या काळजीनं. कळ आली की घाम फुटे आणि तशा स्थितीत मी पान संपेपर्यंत वाचत राही. कित्येकदा हातात उगाच दोन कागद घेऊन उतरत असे, म्हणजे कामासाठी निघाले असं वाटावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी वर्षानुवर्षं खाल्ला.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "सापडत काही नाही. पण त्रास खरा आहे, मनाचे खेळ नव्हेत. आतडी तापट आहेत तुमची. आपण चहा-कॉफी बंद करून बघू."

"अहो, त्यावर तर मी चालते!"

"मग दुसऱ्या कशावर तरी चाला."

हे बोलायला सोपं होतं. चहा सोडल्यावर पोट पुष्कळ निवळलं, अगदी थांबलं नाही, पण निवळलं. डोक्याचा मात्र दगड झाला. पहिले काही दिवस तर कपाळ ठणकायचं. ते थांबलं, आणि मग दुपारची झोप आली. तशी झोप मी पुन्हा कधी अनुभवली नाही. शब्द कागदावरून उठून लांब जाऊन बसायचे.

घरात हे फक्त वहिनीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "वन्सं, चहा नाही तर नाही. आपण बाकीची लाकडं घालून बघू चुलीत."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. एकदम भरपेट जेवलं की झोप जास्त आणि पोटही फुगे, म्हणून वहिनी मला दोन लहान डबे द्यायला लागली. एकात भात, एकात उकडलेला बटाटा नाहीतर पिकलेलं केळं. थोडं थोडं करून खायचं. ते मानवलं. थर्मासमध्ये गरम पाणी आणि आल्याची चकती. त्यात चहाची तरतरी नव्हती, पण हाताला गरम कप लागला की निम्मं समाधान होई. सुट्टीत मी रस्त्याच्या टोकापर्यंत उन्हातून चालून यायचे. मनगटांवर गार पाणी सोडायचे. रात्री लवकर निजायचे, तर दादा म्हणायचा, "कोंबड्यांशी करार झालाय वाटतं."

या सगळ्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण तो दुपार कलायला लागेपर्यंतच टिके. डोकं टेबलावर टेकून घटकाभर डुलकी काढली असती तर भागलं असतं. पण पुरुषांसमोर बाईनं कामावर झोपायचं? आणि छापखान्याचा चहा आला की 'नको' म्हणायची सोय नव्हती. 'का?' विचारलं असतं. मी कप घ्यायचे, ओठांना लावल्यासारखं करायचे आणि नंतर बेसिनात ओतून यायचे.

खरा उपाय अचानक सापडला. माझ्या खुर्चीचा पाय मोडला आणि ती सुताराकडे गेली. त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून वाचलं. काय सांगू, दुपार कशी सरली कळलं नाही. आवाज मोकळा, डोकं लख्ख. उभ्या माणसाला झोप घेरत नाही, ही इतकी साधी गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची परत आली. धडधाकट खुर्ची असताना बाई उभी का, याला उत्तर द्यावं लागलं असतं. त्या उत्तराच्या शेपटाला चहा होता आणि चहाच्या शेपटाला पोट. मी मुकाट्यानं बसले.

त्याच सुमारास नगरपालिकेचं बांधकाम-नियमांचं जाडजूड पुस्तक छपाईला आलं. कलमं, पोटकलमं, भिंतींची जाडी, जिन्यांची रुंदी. वाचता वाचता सांडपाण्याचं प्रकरण लागलं. शौचकूप कोठे असावा, किती अंतरावर असावा, वारा कसा खेळावा. जी गोष्ट मी जगापासून लपवत होते तीच मला दिवसभर मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात वाचावी लागत होती. माझे कान तापायचे. काका शांतपणे टिपत बसायचे. दुपार झाली की तापलेल्या कानांवरही झोप चढायची.

त्या प्रकरणाच्या एका दुपारी नेमकं काय घडलं ते मला आठवत नाही. आठवायला मी जागीच नव्हते.

काही दिवसांनी मालक स्वतः जिना चढून वर आले. मागोमाग फोरमन. मालकांच्या हातात शेवटची प्रुफं होती आणि एका कलमावर नगरपालिकेच्या इंजिनियरनं लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'हे आमचे नाही.'

मालकांनी ते वाचून दाखवलं. "'ज्या इमारतीत एकही स्त्री काम करीत असेल, तेथे वरच्या मजल्यावर शौचकूप असावा. तेथे जाताना तिला कोणीही विचारू नये. चहा न पिणाऱ्या व्यक्तीस उभे राहून काम करू द्यावे.'"

फोरमन फिस्सकन हसला.

"हसू नकोस. तू जुळवलंस ना हे?"

"प्रुफाच्या समासात होतं, मालक. राहिलेला मजकूर म्हणून लिहिलं होतं. आम्ही जुळवलं. आम्हाला काय, आम्ही हुकमाचे ताबेदार."

मालक काकांकडे वळले. "अक्षर तुमचं आहे, काका. थट्टा सुचली, की वय झालं?"

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाचला. मग आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. कागद खाली ठेवून ते म्हणाले, "अक्षर माझंच. माझ्याकडून झालं असेल."

"असेल? नगरपालिकेचं काम आहे हे! उद्या हातचं गेलं तर? काका, तुमचा मान राखून सांगतो, आता चष्मा मिटा आणि घरी आराम करा."

काकांनी खरंच चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. उघडा, गोंधळलेला, एखाद्या लहान मुलासारखा दिसला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण धरणी असल्या कामाला कधी वेळेवर येत नाही.

"मालक, ते मी वाचलं," मी म्हटलं.

"मूळ प्रतीत नाही ते."

"नाही. झोपेत वाचलं असणार. काकांनी ऐकलं तसं लिहिलं."

"झोपेत?" मालकांना हसावं की चिडावं कळेना. "बाई, भर दुपारी झोप? चहा मिळत नाही का तुम्हाला?"

"मी पीत नाही."

"रोज कप रिकामा खाली येतो!"

"बेसिनात ओतते."

"का पण?"

डोकं दुखतं, असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण मालकांच्या हातातल्या कागदावर शौचकूप होता, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "माझं पोट बरोबर नाही. चहानं बिघडतं. मला सारखं खाली जावं लागतं."

फोरमनला हसू आलं होतं, त्याचा त्यानं खोकला केला. मालक छताकडे बघायला लागले. त्यांचे कान माझ्याइतकेच लाल झाले होते.

"आणि हे उभं राहण्याचं काय?" त्यांनी छतालाच विचारलं.

"उभ्यानं झोप येत नाही."

"मग राहा की उभ्या! कोण नको म्हणतंय?"

ते इतक्या सहज म्हणाले की मला अधिकच लाज वाटली. एवढ्यासाठी मी इतका काळ मरत होते. मालक जिन्याशी जाऊन थांबले, वळले आणि घाईघाईनं म्हणाले, "काका, चष्मा घाला. काम पडलंय." वरच्या मजल्यावरच्या शौचकूपाबद्दल ते काही बोलले नाहीत. तो कधी झालाही नाही.

काकांनी चष्मा चढवला आणि त्या कलमावर काट मारली. "वाक्यरचना अगदी सरकारी होती हो," ते पुटपुटले. "शंकाच आली नाही."

त्या संध्याकाळी मी वहिनीला सांगितलं की उद्यापासून मी जाणार नाही.

"बरं," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "मग तिकडे काय म्हणतील? पोटामुळे बाई गेली. कायमचं तेच नाव राहील तुमचं. कामावर गेलात तर निदान आणखी चार गोष्टी बोलायला देता येतील त्यांना."

मी गेले. फोरमननं एक उंच लाकडी स्टँड वर पाठवला होता, मूळ प्रत ठेवायला. मी उभ्यानं वाचायला लागले. दुपार झाली तशी डोकं जागं होतं, आणि पोटात कळ आली. मी कागद उचलले, आणि मग खाली ठेवले.

"काका, मी जाऊन येते."

"इथं थांबतो," ते म्हणाले आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

मी जिना उतरले. खाली खिळ्यांचा टकटकाट एकदम बंद पडला आणि लगेच दुप्पट जोरानं सुरू झाला. सगळ्या माना पेट्यांत खुपसलेल्या. फोरमन भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत होता. त्याची 'काय बाई, परत?' ही हाक मला त्या टकटकाटापेक्षा बरी वाटली असती. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे न पाहण्याचे कष्ट घेताहेत, हे डोक्यावर ओझं घेतल्यासारखं होतं. ते घेऊन मी दालन ओलांडलं, तशीच परतले, जिना चढले. लाज गेली नाही. पुढे मी तिथे होते तोवर ती माझ्याबरोबर खाली जात असे आणि वर येत असे.

काकांचं बोट त्याच ओळीवर होतं.

"वाचा," ते म्हणाले.